मानेचं मशीन विका, पण मराठीत सांगून विका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हल्ली एक जाहिरात सारखी दिसते. हसतमुख बाई, तिच्या मानेला चिकटवलेल्या दोन पांढऱ्या चकत्या, हातात मोबाइलएवढं यंत्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘मानदुखीपासून कायमची सुटका, औषधाविना, घरबसल्या’. ते यंत्र मी वापरते. त्याचा मला उपयोगही होतो. तरीही ही जाहिरात जशी आहे तशी छापू नये, असं माझं मत आहे. ते का, हे जरा सविस्तर लिहिते. पत्र लांबलं तर कात्री लावा, कात्रीचं मला वावडं नाही.

मी कसबा पेठेत ब्लाउज शिवते. लग्न होऊन इथल्या वाड्यात आले तेव्हापासून हेच काम. वाडा जाऊन इमारत आली, पायडलचं मशीन जाऊन मोटरचं आलं, पण मान खाली घालून बसायचं काही सुटलं नाही. साधा अस्तराचा ब्लाउज असला तर मध्ये उठता तरी येतं. आता पैठणीवर प्रत्येकीला आरी वर्क हवं. चौकटीवर कापड ताणायचं आणि मणी न् मणी सुईने बसवायचा. लग्नसराईत चौकटीवरून डोकं वर निघत नाही. हुक आणि तुरपाई तर मांडीवर घेऊनच होते, म्हणजे मान आणखी खाली. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोंचं असतं. मान ६० अंशांत वाकली की मानेवर २७ किलोंपर्यंत भार येतो, असा हिशेब न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जनने २०१४ मध्ये मांडला होता. तो त्याने मोबाइलवाल्यांसाठी मांडला. हिशेब कागदावरचाच आहे, पण वाचून मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आमचं दुखणं मोजलं. आमच्या धंद्यात मानदुखीला कुणी आजार म्हणतच नाही. बाम चोळायचा आणि पुढचा ब्लाउज घ्यायचा.

एका मार्चमध्ये मात्र मान वळेना. दुचाकीवर मागे बसून जाताना गतिरोधक आला की डोळ्यांपुढे काजवे. (आमच्या भागातल्या गतिरोधकांची उंची कोण आणि कशाने मोजतं, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.) डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पाचव्या-सहाव्या मणक्यामधली जागा कमी झालीय, वयाप्रमाणे होतं, घाबरू नका म्हणाले, थोड्या गोळ्या दिल्या आणि फिजिओथेरपीला पाठवलं.

ती फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. मशीनला हात लावण्याआधी तिने प्रश्नांची फैर झाडली. काकू, पेसमेकर आहे का? फिट येतात का? कॅन्सरचे उपचार झालेत का? हातात मुंग्या येतात? हातातून वस्तू पडतात? चालताना तोल जातो? मग कापसाचा बोळा आणि टाचणीचं टोक खांद्याला लावून, कळतंय ना, असं डोळे मिटायला लावून विचारलं. जिथे स्पर्शच कळत नाही तिथे करंट किती वाढवला तेही कळत नाही आणि कातडी भाजू शकते, म्हणून. शेवटी म्हणाली, मंगळसूत्र काढून ठेवा, चकतीला धातू लागायला नको. आमच्या सासूबाई सोबत होत्या. मला वाटलं आता शास्त्रार्थ होणार. त्या म्हणाल्या, “काढ की, पण माझ्या हातात दे. नवऱ्याकडे दिलंस तर रिक्षात विसरेल.”

यंत्राला टेन्स म्हणतात. बॅटरीवर चालतं. त्यातून दोन किंवा चार वायरी निघतात आणि टोकाला चिकट चकत्या असतात. तिने त्या मानेच्या मागच्या बाजूला, मणक्याच्या दोन्ही अंगांना आणि खांद्याच्या मांसल भागावर लावल्या. करंट हळूहळू वाढवला. आधी काहीच नाही, मग मुंग्या, मग छान दणकट झिणझिण. दुखायला लागेल तिथे थांबा, सहन करणं म्हणजे उपचार नाही, असं तिने बजावलं. हे वाक्य आमच्या पिढीच्या बायकांना कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी तिला विचारलं, करंटने मणका सरळ होतो का? ती म्हणाली, मणक्याला तो शिवतसुद्धा नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये एक सिद्धान्त मांडला. दुखण्याचा निरोप बारीक नसांतून जातो आणि स्पर्शाचा, थरथरीचा निरोप जाड नसांतून. दोन्ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येऊन मिळतात आणि तिथे एक दार असल्यासारखं आहे. जाड नसांतून खूप निरोप यायला लागले की बारीक नसांचे निरोप मेंदूपर्यंत कमी पोहोचतात. कोपर दारावर आपटलं की आपण ते चोळतो, तेही याचसाठी. मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं, की विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर ढोलताशाची पथकं भरली की तुमची रिक्षा बेलबाग चौकाच्या अलीकडेच अडकते. रिक्षा कुठे गेलेली नसते. मिरवणूक सरली की निघते.

माझ्या यंत्राचा आकडा शंभराच्या आसपास ठेवलेला असतो, म्हणजे सेकंदाला तेवढे ठोके. दुसरा प्रकार दोन ते चार ठोक्यांचा. त्यात करंट जास्त आणि स्नायू टकटक उडतात. त्याने शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं, असं म्हणतात. मला तो मानवत नाही. शिवणाच्या मोटरचा आवाज दिवसभर ऐकल्यावर आणखी टकटक नको वाटते.

आराम पडतो का? पडतो. यंत्र चालू असेपर्यंत नक्की, आणि बंद केल्यावरही थोडा वेळ. मग दुखणं परत येतं. हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, ही मोकळी वेळ झोपून घालवू नका, यात व्यायाम उरकून घ्या. हनुवटी आत ओढून मान लांब करायची, कपाळावर तळहात ठेवून डोक्याने दाबायचं आणि हाताने अडवायचं, मग तसंच दोन्ही बाजूंना, आणि खांद्याची पाती मागे एकमेकींकडे न्यायची. दुखणाऱ्या मानेने हे कुणी करत नाही, बधिरलेल्या मानेने करतं. यंत्राचा खरा उपयोग मला इथे कळला. बाकीचं काम सुताराने केलं. त्याने मशीनच्या टेबलाखाली लाकडी ठोकळे घालून ते वर उचललं, आणि हुक लावताना मी मांडीवर उशी घ्यायला लागले, म्हणजे काम डोळ्यांकडे येतं, डोळे कामाकडे जात नाहीत. मला विचाराल तर माझ्या मानेच्या सुधारणेत निम्म्याहून जास्त वाटा त्या ठोकळ्यांचा आहे. त्यांची जाहिरात मात्र कुणी करत नाही.

माझी मुलगी प्रत्येक गोष्ट तपासून बघणारी आहे. तिने याचे पुरावे काय आहेत ते शोधून मला वाचून दाखवले. जुन्या मानदुखीवर टेन्स वापरून केलेले अभ्यास, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये एकत्र तपासले. ७ चाचण्या, ६५१ रुग्ण. निष्कर्ष असा, की पुरावा फारच कच्चा आहे, ठाम काही म्हणता येत नाही. दुसरीकडे २०२२ मध्ये सगळ्या तऱ्हेच्या दुखण्यांवरच्या ३८१ चाचण्यांचा आढावा निघाला. त्यात दिसलं, की यंत्र लावलेलं असताना आणि काढल्यावर लगेच, दुखणं खोट्या, म्हणजे करंट न देणाऱ्या यंत्रापेक्षा कमी होतं आणि गंभीर त्रास सहसा होत नाही. कुठले उपचार द्यावेत ते डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असंच सांगून टाकलं. मुलगी म्हणाली, बघ, गोंधळच आहे. मला गोंधळ वाटला नाही. थोडा वेळ आराम पडतो, पुढचं सांगता येत नाही. माझ्या मानेचा अनुभव याहून वेगळा नाही. ‘कायमची सुटका’ यातल्या कुठल्याच कागदात नाही.

आता मुद्द्यावर येते. दिवाळीआधी कोथरूडमध्ये एका प्रदर्शनात मी ब्लाउजपीस बघायला गेले होते. लोणची, कुर्ते आणि पणत्यांच्या मध्ये हेच यंत्र विकायला होतं. विकणारा मुलगा बोलका होता. “या काकू, बसा काकू, दोन मिनिटांत मान मोकळी.” खुर्चीवर एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्याने त्यांना एक प्रश्न विचारला नाही. एक चकती मागे लावली आणि दुसरी कानाखाली, थेट गळ्याच्या बाजूला, जिथे बोट ठेवलं की नाडी लागते तिथे. माझ्या फिजिओथेरपिस्टने मला ही जागा बोट ठेवून दाखवली होती आणि सांगितलं होतं, इथे कधीही नाही. तिथे रक्तदाब सांभाळणारी नाजूक जागा असते, करंटने दाब एकदम उतरून माणसाला चक्कर येऊ शकते. गळ्याच्या पुढच्या बाजूला लावलं तर घशाचे स्नायू आवळून श्वासाची पंचाईत. मी त्या मुलाला म्हटलं, ही चकती काढ. तो म्हणाला, काकू, आम्हाला ट्रेनिंग दिलंय. बाईंनी स्वतःच ती ओढून काढली, यंत्र चालूच असताना, आणि बोटाला झटका बसल्यावर त्याच मला रागे भरल्या. असो.

खोकं उचलून पाहिलं. यंत्रावर मसाज, कपिंग, ॲक्युपंक्चर आणि चक्क स्लिमिंग अशी बटणं. माहितीपत्रक मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, मराठीचा एक शब्द नाही. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. म्हणजे तापाच्या गोळीच्या पाकिटावर जसा परवाना क्रमांक पाहतो, तसा इथेही पाहायचा असतो, भारतात बनवलं असेल तर उत्पादनाचा, बाहेरून आणलं असेल तर आयातीचा. मी रास्ता पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानातून घेतलेल्या यंत्रावर तो आहे. प्रदर्शनातलं यंत्र माझ्या यंत्रापेक्षा महाग होतं, हे जाता जाता.

माहितीपत्रक मराठीत का हवं, हेही सांगते. आमच्या मजल्यावर एक अप्पा आहेत. माझ्या दारात हे यंत्र पाहून म्हणाले, “सूनबाई, आज गुडघ्याला, उद्या मानेला, मला पण लावून बघू दे की.” अप्पांच्या छातीत पेसमेकर आहे. ते त्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, पण त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मी नाही म्हटलं तर त्यांना वाटलं, वस्तू द्यायला कां-कूं करतेय. त्यांच्या नातवाने इंग्रजी पत्रकातली, पेसमेकर असेल तर हे लावू नये, ही ओळ वाचून दाखवली तेव्हा कुठे माझ्यावरचा कंजूसपणाचा आळ गेला. ज्या घरात नातू नाही तिथे काय?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि हे पत्र मी तिच्यामुळेच लिहिते आहे. आमच्या गल्लीत एक मास्टर होते. पुरुषांचे सूट शिवायचे. काजं हाताने करणारे आता किती उरलेत? हे त्यातले. त्यांची मान दुखायची. घरी येऊन विकणाऱ्या एकाकडून त्यांनी असंच यंत्र घेतलं. रोज लावायचे, मान हलकी व्हायची, खूश होते, गिऱ्हाइकांनाही दाखवायचे. त्याच काळात त्यांच्या बोटांतून सुई निसटायला लागली. सुईत दोरा ओवायला पोराला हाक मारायचे. स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागायचा. जिना उतरताना कठडा धरायचे. सगळे म्हणाले, वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला. दुखत नव्हतं ना! दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं त्यांनी धरलं आणि आम्ही सगळ्यांनीही धरलं. शेवटी एमआरआय झाला तेव्हा मानेत मज्जारज्जूच दबलेला निघाला. ऑपरेशन झालं. पुढचा बिघाड थांबला, चालणं सुधारलं, पण बोटांतलं ते कसब पूर्ण परत आलं नाही. आता ते दुकानात बसून मापं सांगतात, काजं मशीनवर होतात.

यंत्राने मास्टरांचा मज्जारज्जू दाबला नाही, हे मला कळतं. त्याने फक्त दुखणं दाबलं, जे त्याचं कामच आहे. पण विकणाऱ्याने त्या दिवशी एवढंच विचारलं असतं, की मास्टर, बटण लावता येतं का, सुई हातात ठरते का, तर ते आधीच डॉक्टरांकडे गेले असते. माझ्या फिजिओथेरपिस्टने हे प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारले होते. जाहिरातीतल्या ‘कायमची सुटका’ या दोन शब्दांनी नेमके हेच प्रश्न विचारायचे राहून जातात. कायमचं सुटणारच असेल तर डॉक्टरांकडे कशाला जायचं?

म्हणून विकणाऱ्यांकडे माझं मागणं मोठं नाही. खोक्यात एक पान मराठी घाला, वाचता येईल एवढ्या अक्षरांत. आपल्याकडेही एक मागणं आहे, संपादकसाहेब. जाहिरात खातं वेगळं आणि संपादकीय खातं वेगळं, हे उत्तर मला माहीत आहे. वाचकाच्या हातात पान एकच पडतं. निदान परवाना क्रमांक नसलेल्या आणि कायमचं बरं करण्याचा दावा करणाऱ्या उपकरणाची जाहिरात घेण्याआधी कुणीतरी दोन प्रश्न विचारावेत.

मराठीत एवढं सगळं एका पानात मावेल का, असं कुणी म्हणेल, म्हणून मी स्वतःच एक पान लिहिलं आणि माझ्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेतलं. छातीत पेसमेकर किंवा झटका देणारं यंत्र बसवलं असेल तर हे लावायचंच नाही. पोटुशीने, फिट येणाऱ्याने, कॅन्सरचे उपचार चालू असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गळ्याच्या पुढे आणि बाजूंना, डोक्यावर, छातीवर, जखमेवर, पुरळावर, बधिर जागेवर नाही. आधी मान साबणाने धुऊन कोरडी करायची, कारण खोबरेल तेल किंवा बाम लावलेल्या मानेवर चकती नीट चिकटत नाही आणि करंट एकाच कोपऱ्यातून टोचतो. चकत्या लावताना आणि काढताना यंत्र बंद. वीस मिनिटं ते अर्धा तास, तेही जागेपणी. आंघोळीत, झोपेत, गाडी चालवताना नाही. मुंग्या येऊ द्यायच्या, दुखू द्यायचं नाही. चकती एकीची दुसरीने वापरायची नाही आणि तिचा चिकटपणा गेला की बदलायची, सेलोटेप लावून चालवायची नाही (हे आमच्या पुण्यात लिहावंच लागतं). आणि शेवटी, हातातून सुई, किल्ली, कप पडायला लागला, हातपाय जड वाटले, चालताना तोल गेला, लघवीवरचा ताबा गेला, ताप आला, वजन उतरलं, किंवा पडल्या-झडल्यानंतर मान दुखत असेल, तर यंत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

हे पान मी दुकानात आरशाच्या बाजूला लावलं आहे. ब्लाउजची ट्रायल घेताना बायका वाचतात, काही जणी मोबाइलवर फोटो काढून नेतात. एकीने तर आपल्या बँकेतल्या मैत्रिणींना पाठवलं, त्यांच्याही माना दिवसभर संगणकापुढे तशाच.

त्या पानाची एक प्रत पत्रासोबत जोडली आहे. जागा असेल तर छापा. त्या जाहिरातीच्या शेजारीच छापलीत तरी माझी हरकत नाही, आकार मी मोजून पाहिला आहे, बरोबर बसते.

कळावे,
आपली नम्र,
ब्लाउज शिवणारी एक वाचक
कसबा पेठ, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)